खड्याची डॉक्टर

माझ्या शिक्षणाचं, नोकरीचं आणि एकूणच आयुष्याचं भाषांतर माझ्या मायनं केलं आणि ते दोन शब्दांत बसवलं. मी पुण्यातल्या एका संस्थेत प्रथिनांचे स्फटिक तयार करते, त्यांच्यावर क्ष-किरण सोडते आणि ते किरण कसे विखुरतात यावरून प्रथिनातला कोणता अणू कुठे बसलाय ते शोधते. हे वाक्य मी मायला एका दिवाळीत करंज्या लाटताना सांगितलं. तिला ते कळलं नाही, कारण ते कळण्यासारखं नव्हतंच. तिनं लाटणं थांबवलं.

"बाया इचारतात मला, तुही पोरगी काय करती म्हणून," ती म्हणाली. "त्याईला मी काय सांगू? सोपं सांग."

मी सोपं सांगितलं. "खडीसाखरेचा खडा असतो न माय, तसे बारीक बारीक खडे आमी बनवतो. आन त्याचा एक्स-रे काढतो."

"खड्याचा एक्स-रे."

"व्हय."

"आन तू डॉक्टर बी हाईस."

"तसली डॉक्टर न्हाई. पण हाय."

"बास झालं मंग," माय म्हणाली आणि पुढची करंजी लाटायला घेतली.

आमच्या भागात खडा म्हटलं की एकच खडा. खडीसाखरेचा नाही, अंगठीतला नाही, मुतखडा. सेनगाव तालुक्यात पाठीतून कळ येऊन गडबडा लोळला नाही असा माणूस शोधायला निघालं तर दिवस जाईल. बोअरचं पाणी जड, ऊन रखरखीत, आणि शेतात गेलेला माणूस दुपारपर्यंत पाण्याला तोंड लावत नाही, कारण पाण्याची घागर झाडाखाली असते आणि काम वावराच्या दुसऱ्या टोकाला. अशा ठिकाणी डॉक्टर, खडा आणि एक्स-रे हे तीन शब्द एका ओळीत आले की त्यांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मायनं बायांना सांगितलं. पाडव्याला माझा पहिला पेशंट आला.

ते अण्णांचे चुलतभाऊ होते. अण्णा म्हणजे माझे वडील. काकांच्या काखेत एक्स-रेचं मोठं खाकी पाकीट होतं. त्यांनी फिल्म बाहेर काढली, माझ्या हातात दिली आणि उजेडाच्या बाजूनं सरकून उभे राहिले. फिल्मवर पाठीचा कणा होता, बरगड्या होत्या आणि एका बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता.

"काका, मी ह्या खड्याची डॉक्टर न्हाई."

काकांनी अण्णांकडे कौतुकानं पाहिलं. "लई शिकली पोरगी. शिकलेलं माणूस लगेच व्हय म्हणत न्हाई."

"काका, खरंच न्हाई. तुमी पाणी प्या, भरपूर प्या, आन सेनगावच्या डॉक्टरनं जे सांगितलं ते करा."

त्यातलं पहिलं त्यांनी केलं. काही दिवसांनी खडा पडला. तो त्यांनी कागदाच्या पुडीत बांधला आणि गावभर दाखवला. मी तोवर पुण्याला परतले होते, त्यामुळे माझी बाजू मांडायला गावात कोणी नव्हतं.

त्यानंतर मी गावी आले की पाकिटं यायची. आधी गावातली, मग शेजारच्या साखरा गावची, मग एकदा नरसीहून जीप करून एक अख्खं कुटुंब आलं, त्यात खडा फक्त म्हातारीला होता, बाकीचे बघायला आले होते. अण्णांनी ओसरीवर माझ्यासाठी लाल प्लास्टिकची खुर्ची ठेवायला सुरुवात केली. मी तिच्यावर कधी बसले नाही. मला या प्रकाराची चीड यायची. मी उभ्या उभ्या सगळ्यांना सांगायचे की मी ती डॉक्टर नाही, आणि सगळे मान डोलवून फिल्म पुढे करायचे. शेवटी मी म्हणायचे, पाणी प्या आणि डॉक्टरला दाखवा. पाणी पिऊन बरेचसे खडे आपोआप पडतात, हे कुठल्याही दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. पण भिंतीनं सांगितलेलं कोण ऐकतं.

एकदा मी ठरवलं की या लोकांना खडान्‌खडा समजावून सांगायचं. नरसीचं ते कुटुंब आलं होतं त्याच दिवशी, ओसरीवर आठदहा माणसं होती. मी खडूनं फरशीवर आकृत्या काढल्या. प्रथिन म्हणजे काय, ते तुरीच्या डाळीत असतं तसं आपल्या रक्तातही असतं, ते इतकं बारीक असतं की कुठल्याही भिंगातून दिसत नाही, म्हणून त्याचे एकसारखे लाखो कण शिस्तीत रांगेनं बसवायचे, म्हणजे त्याचा स्फटिक होतो. सगळ्यांनी अगदी शांतपणे ऐकलं. माझं बोलून झाल्यावर नरसीची ती म्हातारी म्हणाली, "समदं बराबर हाय बाई. मंग माहा खडा पडन का?"

त्या दिवशी मी कानाला खडा लावला, की गावात कामाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आणि या वाक्प्रचारातही तोच शब्द आहे हे लक्षात येऊन मला आणखी चीड आली.

खरं तर माझे खडे दाखवण्यासारखे नव्हतेच. माझं प्रथिन तुरीतलं. शेंगा पोखरणाऱ्या अळीनं दाणा खाल्ला की हे प्रथिन तिच्या पोटात जाऊन तिचं पचन अडवतं. पूर्ण अडवत नाही, नाहीतर आमच्या तुरीवर अळी राहिलीच नसती. थोडंसं अडवतं. ते कुठे पकडतं आणि कुठे सुटतं हे मला पाहायचं होतं. त्यासाठी घरच्या वावरातली तूर मी पिशवीत घालून पुण्याला न्यायची. लोक गावाकडून डाळ नेतात ती वरण करायला. मी ती दळायची, गाळायची, पुन्हा गाळायची आणि शेवटी जो थेंब उरायचा तो एका झाकलेल्या खळग्यात वाळत ठेवायची. थेंब हळूहळू आटतो आणि नशीब असेल तर त्यात स्फटिक धरतात. नशीब नसेल तर साय धरते. मला बरीच वर्षं साय मिळाली. नंतर स्फटिक मिळाले ते मैद्याच्या कणाएवढे. साध्या यंत्रावर त्यांचा काही उजेड पडत नाही. त्यांना अतिथंड द्रवात गोठवून, डबीत भरून, प्रखर किरणांच्या मोठ्या यंत्राकडे न्यावं लागतं आणि तिथे आपली पाळी लागावी लागते.

हे सगळं नीट ऐकून घेतलेला आमच्या घरातला एकच माणूस म्हणजे अण्णा. मी कानाला खडा लावल्यानंतरच्या दिवाळीतली ही गोष्ट. माय अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालत होती. ठिपके मांडून झाले होते, रेघा अजून ओढायच्या होत्या, तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जायला लागलं म्हणून ती आत पळाली. अण्णा बाजेवर बसून सुपारी कातरत होते.

मी म्हटलं, "अण्णा, आमचं यंत्र आमाला एवढंच देतं. ठिपके. कोणता ठिपका ठळक, कोणता फिका, तेवढं कळतं. रेघा आमाला ओढायच्या असतात."

अण्णांनी रांगोळीकडे पाहिलं. "तुह्या मायला तर ठाऊक असतं, कोणती रांगोळी काढायची ते."

"तिला असतं. आमाला नसतं."

आणि मग मी त्यांना आमच्या धंद्यातलं मुख्य दुखणं सांगितलं. स्फटिकातून लाटा येतात आणि पडद्यावर ठिपका उमटवतात. लाट किती जोराची होती हे ठिपक्यावरून कळतं. पण पडद्यावर आदळली तेव्हा ती चढती होती की उतरती, हे कळत नाही. मराठी पुस्तकात त्याला लाटेची कला म्हणतात. ही कला हरवते. निम्मी माहिती तिथेच जाते आणि ती निम्मी नसली तर उरलेली निम्मी काही कामाची नाही.

"मंग करता काय?"

"एखादं नात्यातलं प्रथिन शोधतो, ज्याचं चित्र आधी कोणीतरी काढलेलं हाय. माझ्या तुरीच्या प्रथिनाचा चुलतभाऊ सोयाबीनमधी हाय. त्याचं चित्र ह्या ठिपक्यावर बसवून बघायचं. बसलं तर पुढं जायचं."

अण्णांना तुरीला सोयाबीनचा आधार घ्यावा लागतो हे आवडलं नाही. मी त्यांना यातला धोकाही सांगितला. चुलतभावाचं चित्र चुकीचं बसलं, तरी पुढचं गणित मुकाट चालतं आणि शेवटी जे चित्र बाहेर येतं ते हुबेहूब त्या चुलतभावासारखं दिसतं. जे मनात धरून पाहावं तेच दिसतं. माणूस खूश होतो, आणि सगळं चुकलेलं असतं. हल्ली संगणकच प्रथिनाच्या आकाराचा अंदाज सांगतो, आणि बऱ्याचदा बरोबर सांगतो. पण तोही मनात धरलेलाच आकार. ठिपक्यांशी ताळा जुळेपर्यंत त्याला अंदाजच म्हणायचं.

अण्णांनी सुपारी तोंडात टाकली. "म्हंजे माणसाच्या खड्याशी तुहा काईच संबंध न्हाई."

"काईच न्हाई."

"मला वाटलंच होतं," अण्णा म्हणाले. मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "राहू दे. लोक खूश हायेत."

घरात एका माणसाला तरी खरं कळलं याचा मला त्या दिवशी आनंद झाला. माय परत आली, तिनं रेघा ओढल्या आणि कासव निघालं. मला कमळ वाटलं होतं.

नंतरच्या उन्हाळ्यात अण्णांच्या उजव्या कुशीत कळ आली. मला हे कोणी सांगितलं नाही. मायनं हुलग्याचं कढण दिलं, पानफुटीची पानं चावायला दिली आणि नरसीच्या देवळात जाऊन नवस बोलून आली की खडा पडला तर देवासमोर खडीसाखर वाटीन. फोनवर मला एवढंच कळलं की अण्णांची कंबर धरली आहे. व्हिडिओ कॉलवर अण्णा बाजेवर एका अंगाला कलून बसलेले दिसायचे. माझ्या मनातलं चित्र ठरलेलं होतं: वय झालं, मशागतीची ओढाताण झाली, कंबर धरली. ते त्या चित्रात नीट बसत होते.

मग कळ थांबली. माय म्हणाली, कंबर सुटली. मीही म्हटलं, बरं झालं.

दिवाळीला घरी पोचले तेव्हा अण्णांना पाहून मी हातातली पिशवी खाली ठेवायची विसरले. चेहरा सुजलेला, अंगात कणकण, जेवणावरची वासना गेलेली. मायला स्वयंपाकघरात गाठलं तर तिनं पदर तोंडाला लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. अण्णा उन्हाळ्यातच सेनगावला जाऊन आले होते. तिथल्या डॉक्टरनं एक्स-रे काढला, सोनोग्राफी केली आणि सांगितलं की खडा नळीत अडकलाय, वर किडनी फुगायला लागलीय, नांदेडला जा, उशीर केला तर किडनी जाईल. अण्णांनी पाकीट घरी आणलं आणि गहू भरायच्या कोठीमागे ठेवून दिलं. कळ थांबल्यावर म्हणाले, पडला असन.

"आन तू मला बोलली काहून न्हाईस?"

"त्याईनं शपथ घातली. म्हणले, ती आली की बघीन."

मी तणतणत मधल्या खोलीत गेले. अण्णा पलंगावर बसले होते. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुमाला मरायचंय का, हे दोनदा बोलले.

"हळू बोल," अण्णा म्हणाले. "भाईर माणसं येऊन बसली."

ओसरीवर दोन पाकिटं येऊन बसली होती. मी आल्याचं कळायला आमच्या गावात वेळ लागत नाही.

"अण्णा, तुमाला ठाऊक हाय न, मी त्या खड्याची डॉक्टर न्हाई? मी तुमाला रांगोळीवर समजावून सांगितलं होतं."

"ठाऊक हाय न."

"मंग नांदेडला काहून गेले न्हाईत?"

अण्णांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "मला ठाऊक हाय. गावाला न्हाई न. मी नांदेडला गेलो, की गाव म्हणन, बापाचाच खडा हिच्यानं निघाला न्हाई. म्हणन, समदं खोटंच होतं. तू खोटी पडशीन, बाई."

खरं सांगण्यात मी इतकी वर्षं घालवली होती आणि ते कोणाला पटवता आलं नव्हतं. आणि हा माणूस, ज्याला ते पटलं होतं, तो माझ्या वतीनं ते खोटं सांभाळत बसला होता, स्वतःच्या किडनीवर. मला त्यांचा संताप आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. ओसरीवर कोणीतरी खाकरलं.

मी कोठीमागचं पाकीट काढलं, डोळे पुसले आणि बाहेर गेले. लाल खुर्ची ठेवलेली होती. मी तिच्यावर बसले. आलेल्यांपैकी एकजण साखऱ्याचे शेतकरी होते आणि दुसरी आमच्याच गावातली एक भावजय. दोघंही सावरून बसले, कारण मला खुर्चीवर बसलेलं कोणी आजवर पाहिलं नव्हतं.

"अण्णा, भाईर या," मी हाक मारली. "तुमचं बघू आधी."

अण्णा भिंतीला धरून बाहेर आले. मी फिल्म उन्हाकडे धरली. कणा होता, बरगड्या होत्या, ठिपका होता. मी डॉक्टर पाहतात तसं पाहिलं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त वेळ. मग "हं" म्हटलं.

"हा खडा नळीत अडकला," मी मोठ्यानं म्हणाले. "हे घरी व्हायचं काम न्हाई. याला नांदेडच पाहिजे. आजच."

साखऱ्याचे गृहस्थ पुढे वाकले. "तुमच्यानं न्हाई व्हत का बाई?"

माझ्या आयुष्यातली ही एकमेव वैद्यकीय लबाडी मी इतक्या सहज केली की माझं मलाच नवल वाटलं. "मी केलं असतं," मी म्हणाले. "पण आपल्या बापावर आपला हात चालवू नये."

ओसरीवर एकदम समजूत पसरली. "बराबर हाय," साखऱ्याचे म्हणाले. "आपल्या माणसावर हात कापतो." भावजय म्हणाली की तिच्या माहेरचा डॉक्टरसुद्धा स्वतःच्या बायकोला दुसऱ्याकडेच नेतो. दोघांनी अण्णांकडे पाहिलं आणि माना डोलवल्या.

"आन तुमी बी दोघं," मी रेटून म्हणाले, "पाणी तर प्याच, पण नांदेडला जाऊन दाखवा. माझं नाव सांगा."

नांदेडला माझं नाव एकाही माणसाला माहीत नव्हतं.

अण्णा ताबडतोब उठले. टोपी घातली, चपला घातल्या. माय आतून पिशवी घेऊन आली. त्यात धोतर होतं, टॉवेल होता, तांब्या होता, चादरीची घडी होती. ती पिशवी तिनं उन्हाळ्यातच भरून ठेवली होती. गावातल्या एकाच्या जीपमध्ये आम्ही बसलो. हिंगोली मागे पडल्यावर अण्णा म्हणाले, "चांगलं बोललीस."

नांदेडचे सर्जन मध्यम वयाचे, घाईत असलेले गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, कोणी पाठवलं? मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "आमच्या बाईनं. ही काय. खड्याची डॉक्टर हाय."

सर्जननी माझ्याकडे अदबीनं पाहिलं. "कुठे असता मॅडम प्रॅक्टिसला?"

मी त्यांना खरं सांगितलं. प्रथिनं, स्फटिक, क्ष-किरण, ठिपके. त्यांना सगळं कळलं. माझं काम एका दमात समजलेला मराठवाड्यातला तो दुसरा माणूस. ते म्हणाले, "छान. मग यांना इतके महिने घरी का ठेवलंत?"

याचं उत्तर मात्र त्यांना समजलं नसतं.

कळ का थांबली तेही त्यांनीच सांगितलं. खडा पडला म्हणून नाही. अडलेली किडनी थकते आणि काम सोडते. काम सोडलं की दुखणंही थांबतं. घरचे म्हणतात, बरं झालं. आम्हीही तेच म्हटलं होतं. त्यांनी पाठीतून नळी घालून तुंबलेलं बाहेर काढलं, ताप उतरवला आणि काही आठवडे वाट पाहायची ठरवली, किडनी पुन्हा उभी राहते का ते पाहायला. त्या आठवड्यांत मी संस्थेत जाऊन आले, थेंब पाहिले, पुन्हा नांदेडला आले. माय दवाखान्याच्या खिडकीशी बसून नरसीच्या दिशेनं हात जोडायची. दिशा चुकीची होती.

किडनी उभी राहिली नाही. तपासणीत ती नावापुरती उरल्याचं दिसलं, आणि नासकी ठेवण्यात धोका म्हणून काढून टाकली. डावी ठणठणीत आहे आणि एका किडनीवर माणूस पूर्ण आयुष्य काढतो, असं सर्जननी आम्हाला समजावलं. ते खरं आहे. तरी मी जिन्यात जाऊन रडले.

खडा एका छोट्या बाटलीत घालून त्यांनी अण्णांच्या हातात दिला. पिवळट, खरबरीत, तुरीच्या दाण्याहून थोडा मोठा. अण्णांनी बाटली हलवून आवाज ऐकला आणि माझ्यापुढे धरली.

"घे. काढ आता एक्स-रे."

मी ती पुण्याला नेली. सुटी पाहून, यंत्र मोकळं असताना, खड्याची एक कपची सूक्ष्मदर्शकाखाली धरली. वरच्या बाजूला बारीक, टोकदार, काचेसारखे स्वच्छ स्फटिक होते. माझ्या थेंबात आजवर असा एकही आला नव्हता. त्यातला एक सुईच्या टोकानं उचलला, यंत्रावर बसवला आणि किरण सोडले. ठिपके आले. धारदार, स्वच्छ, पडद्याच्या कडेपर्यंत. एवढ्या साध्या पदार्थात हरवलेली कला संगणक स्वतःच शोधून काढतो, कोणा चुलतभावाची गरज पडत नाही. चहा घेऊन येईस्तोवर सगळे अणू जागच्या जागी बसले होते. कॅल्शियम, ऑक्झलेट आणि पाणी. ज्याच्याकडून मला कधी एवढं सुबक उत्तर मिळालं नाही ते तुरीचं प्रथिन शेजारच्या फ्रीजमध्ये साय धरत होतं. मी त्या पडद्याकडे बराच वेळ पाहत बसले, आणि मला त्या खड्याचा मनापासून राग आला.

ठिपक्यांचं एक चित्र आणि अणूंचं एक चित्र, अशी दोन चित्रं छापून मी संक्रांतीला गावी घेऊन गेले. मायनं तोवर नरसीला जाऊन नवस फेडला होता. खडा पडला नव्हता, काढला होता, पण मायच्या मते देवानं तेवढी घासाघीस केलेली चालते. पुडीतली उरलेली खडीसाखर तिनं माझ्या हातावर ठेवली.

ओसरीवर एक नवं पाकीट बसलं होतं. लाल खुर्चीवर अण्णा होते. ते त्या माणसाला सांगत होते, "पानी पे, आन उद्याच नांदेडला जाय. कळ थांबली तरी जाय. थांबली तर लवकर जाय. तिथं आमच्या बाईचं नाव सांग." मग त्यांनी सदरा वर करून कुशीतला व्रण दाखवला. त्या माणसाला ते माझ्या आकृत्यांपेक्षा लवकर कळलं. तो उठला आणि गेला.

परवा त्या सर्जनचा मला फोन आला होता. ते म्हणाले, मॅडम, सेनगावकडचे पेशंट तुमचं नाव सांगतात आणि हल्ली वेळेवर येतात. काय सांगता तुम्ही त्यांना? मी म्हटलं, मी काहीच सांगत नाही.

तो माणूस गेल्यावर मी अण्णांपुढे दोन्ही चित्रं ठेवली. त्यांनी चष्मा लावला. ठिपक्यांचं चित्र ओळखलं. "ही ती बिनरेघांची."

"व्हय. आन ह्या रेघा."

त्यांनी अणूंच्या चित्रावरून बोट फिरवलं. एकाच नक्षीची ओळ, पुन्हा तीच, पुन्हा तीच. "यात माहं काय हाय?"

"तुमचं म्हंजे?"

"माह्या खड्यात काय निघालं? येगळं काही?"

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं. एकदा जमलं होतं. पण ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होते, आणि आमच्या घरात खरं सांगावं असा हा एकच माणूस होता.

"येगळं काही न्हाई, अण्णा. बहुतेक समद्याईच्या खड्यात हेच असतं."

अण्णांनी चित्र खाली ठेवलं. रस्त्यानं कोणाचा तरी ट्रॅक्टर तुरीच्या पेंढ्या घेऊन गेला, तो लांब जाईपर्यंत ते त्याच्याकडे पाहत राहिले.

"आन तुरीचं?" त्यांनी विचारलं. "तुरीचं कधी होईन?"

"ठाऊक न्हाई. होईन का न्हाई, ते बी ठाऊक न्हाई."

"होऊ दे सावकाश," अण्णा डाव्या कुशीवर हात ठेवत म्हणाले. "मला कुठं घाई हाय. एक हाय अजून."

मी तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो रिकामा होईपर्यंत तोंडाचा काढला नाही.